सतरा हजार लिटर

पोलिओ लसीचे दोन थेंब म्हणजे जेमतेम ०.१ मिलिलिटर. पल्स पोलिओच्या एका देशव्यापी फेरीत साधारण १७ कोटी बालकांना हे थेंब पाजले जात. सगळे एकत्र केले तर होतात १७,००० लिटर. दुधाच्या दोन मोठ्या टँकरांत मावतील एवढे. पण ते मुलांच्या तोंडात घालायला २३ लाखांवर माणसे बाहेर पडत, आपल्या भूदलाच्या जवळजवळ दुप्पट. सोबत ६३ लाख आइसपॅक, कारण शीतसाखळी तुटली की लस वाया. रविवारी बूथ, मग घरोघर फेरी. मुलाला पाजून झाले की त्याच्या डाव्या करंगळीला शाई. घरातली सगळी मुले झाली तर दारावर ‘पी’, एखादे राहिले तर फुली, आणि फुलीच्या घरी पुन्हा जायचेच.

हे पुन्हा पुन्हा का करावे लागले, त्याचे उत्तर एका टक्केवारीत आहे. दाट वस्ती, उघडी गटारे आणि सततची हगवण यांमुळे उत्तर प्रदेशातल्या मुलांच्या आतड्यात लस नीट रुजतच नव्हती. तिथे तिन्ही प्रकारच्या विषाणूंवरच्या जुन्या तिहेरी लसीचा एक डोस शंभरांतल्या अवघ्या ९ मुलांना संरक्षण देई. या हिशेबाने दहा डोस पाजले तरी ३९ मुले उघडीच राहतात. वीस पाजले तरी १५. एकाच प्रकारच्या विषाणूवर रोखलेली लस २००५ मध्ये आली तेव्हा हा आकडा ३० टक्क्यांपर्यंत चढला, आणि वीस डोसांचे काम पाचांवर आले. मोहीम सुरू झाल्यापासून तोवरची दहा वर्षे आपल्या अंगणवाडी सेविका त्याच दारांवर जात राहिल्या. शिव्या खाल्ल्या, अफवा खोडून काढल्या, तेही तुटपुंज्या मानधनावर. त्यांच्या चिकाटीची नोंद इतिहासाने ठळकपणे घ्यायला हवी, असे मला मनापासून वाटते.

कारण त्या राखत होत्या ती सुरक्षा फक्त आपल्या घरची नव्हती. २००९ मध्ये भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण आढळले, जगातले जवळजवळ निम्मे. पुढच्याच वर्षी ताजिकिस्तानात साथ फुटली. विषाणूची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा त्याचे मूळ उत्तर प्रदेशात निघाले. पाऊण कोटी वस्तीच्या त्या देशात ४५८ रुग्ण पक्के झाले. पोलिओत लुळेपणा येतो तो साधारण २०० संसर्गांमागे एकाला. म्हणजे विषाणू शिरलेली माणसे ९० हजारांच्या घरात असणार. तिथून तो रशिया, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानात गेला. हे सारे देश ज्यात येतात तो जागतिक आरोग्य संघटनेचा युरोप विभाग २००२ पासून पोलिओमुक्त होता. ताजिकिस्तानच्याही आधी आपलाच विषाणू अंगोलात आणि तिथून नामिबियात पोहोचला होता. कोणत्याही चौकीवर तो दिसणे शक्य नव्हते. वाहून नेणाऱ्या बहुतेकांना साधा तापही नसतो.

म्हणूनच गटाराच्या पाण्यावर नजर ठेवावी लागते. मुंबईत २००१ पासून सांडपाण्याचे नमुने तपासले जातात; रुग्ण सापडण्याआधी विषाणू सापडावा, यासाठी.

२०१० मध्ये देशात ४२ रुग्ण. २०११ मध्ये एक, जानेवारीत, हावड्याजवळ. त्यानंतर मूळ विषाणूचा एकही नाही. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग, ११ देश आणि १८० कोटी माणसे, पोलिओमुक्त जाहीर झाला. भारत अडला असता तर बाकीचे दहाही देश अडले असते.

तरी धोका संपलेला नाही. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात मूळ विषाणू अजून फिरतो. २०२२ च्या फेब्रुवारीत मलावीत एक मूल सापडले, त्याच्या शरीरातला वाण पाकिस्तानातल्या वाणाशी जुळला. आफ्रिका विभाग त्याच्या दीडच वर्ष आधी मुक्त ठरला होता. विषाणू फिरत असलेल्या देशांतून येणाऱ्यांना भारत लसीचा दाखला मागतो, आणि एकही रुग्ण नसलेल्या गावांतही बूथ लागतात.