दारं धरून आल्यावर अर्धा तास



या पानावर मी नेहमी बेणेप्रक्रिया, खोडवा आणि पाचट यांवर लिहितो. आजचा विषय वेगळा आहे, पण उसापासून लांबचा नाही. ऊस उभा राहतो तो उत्पादकाच्या कष्टावर. तो उत्पादकच शिणला तर काय?

गेल्या हंगामात तोडणीच्या धावपळीत सलग तीन रात्री माझे जागरण झाले. चौथ्या पहाटे मोटारसायकलवर डुलकी लागली आणि गाडी थेट चारीत गेली. गुडघ्यावर निभावले. डॉक्टरांनी तपासले तर रक्तदाबही वाढलेला. गोळी सुरू झाली. रात्रीची वीज आली की आपण दारं धरायला जाता आणि दिवस उजाडला की पुन्हा कामाला लागता, हे मी रोज पाहतो. म्हणून ही हकीगत.

माझी धाकटी बहीण कर्जत तालुक्यात दिली आहे. घाट उतरला की मुलूखच बदलतो. ऊस संपतो, भाताची खाचरं लागतात. कर्जत-३ हे भाताचे वाण तिथल्याच संशोधन केंद्राचे. मुंबई रेल्वेने जवळ, त्यामुळे कर्जत-खालापूर भागात शहरी लोकांची फार्महाऊस झाली आहेत. तिथे माणसे पैसे मोजून विश्रांती शिकायला येतात! मला हसू आले. पण दाजी म्हणाले, "दादा, बघून तर या."

सतरंजीवर सगळे उताणे झोपलो. शिकवणाऱ्या बाई धातूच्या वाट्यांवर लाकडी दांडीने हलका टोला देत. घुमणारा नाद लांबत लांबत विरायचा आणि कान त्याच्या मागे जायचा. आपल्याकडे काशाच्या वाटीने तळपाय घासतात, तिथे वाटी वाजवतात, एवढेच. मग योगनिद्रा झाली. उठलो तेव्हा खांद्यावरचे पोते कोणी उतरवून घेतल्यासारखे वाटले.

हे खूळ परदेशी नव्हे. शवासनाने थकवा जातो, असे हठप्रदीपिकेत सांगितले आहे. योगनिद्रेची आजची पद्धत मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी बसवली. खालापूरच्या डोक्यावर, घाटमाथ्यावर लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले आणि योगाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला.

घरी करायची रीत अशी :

१. घोंगडी अंथरून उताणे झोपावे. पाय थोडे फाकलेले, तळहात वर, डोळे मिटलेले.

२. एखादा साधा संकल्प मनात तीनदा म्हणावा.

३. उजव्या अंगठ्यापासून एकेक बोट, मनगट, कोपर, खांदा असे मन फिरवत न्यावे. मग डावी बाजू, पाठ, पोट आणि चेहरा.

४. श्वास उलटे मोजावेत, सत्तावीसपासून एकपर्यंत. चुकले तर पुन्हा पहिल्यापासून.

५. संकल्प पुन्हा म्हणून, हातपाय हलवून, कुशीवर वळून सावकाश उठावे.

वीस ते तीस मिनिटे पुरतात. फार्महाऊस नको, वाटी नको. घरातल्या कोणी वाचून दाखवले तरी चालते.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. ही झोपेची भरपाई नव्हे. रात्र जागलेल्या माणसाला झोपच हवी. आणि नादाने रोग बरे होतात असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नये. माझी गोळी चालूच आहे. डोळ्यांवर झापड असताना ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगवर बसू नये. ऊस चार तासांनी गव्हाणीत पडला तरी चालेल, माणूस घरी पोचला पाहिजे.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी