तुर्माले: टूर द फ्रान्सला घडवणारी खिंड

फ्रान्सच्या पिरेनीज पर्वतातली तुर्माले खिंड २११५ मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही साडेचारशे मीटर वर. टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत इथून ऐंशीहून अधिक वेळा गेली आहे. मोठ्या घाटांपैकी दुसऱ्या कुठल्याच घाटाच्या वाट्याला हे भाग्य आलेलं नाही.

१९१० पर्यंत या शर्यतीने असा डोंगर पाहिलाच नव्हता. रस्ता पाहायला अल्फाँस स्तेनेस हा पत्रकार गेला, तेव्हा खिंड बर्फाखाली होती. मोटार अडली, अंधारात पायी चालताना तो वाट चुकला आणि कसाबसा खाली पोहोचला. तरीही त्याने संयोजकांना तार केली, की रस्ता उत्तम आहे. त्या जुलैत कच्च्या रस्त्यावरून, गिअर नसलेल्या जड सायकलवर ऑक्ताव्ह लापीझ सर्वांत आधी माथ्यावर पोहोचला. त्या वर्षीची शर्यतही त्यानेच जिंकली. माथ्यावरचा सायकलस्वाराचा पोलादी पुतळा त्याचाच.

पण तुर्मालेची खरी कथा पूर्वेच्या उतारावर घडली, असं मला वाटतं. १९१३ साली जिंकण्याची उत्तम संधी असलेल्या युजेन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा फोर्क मोडला. दुसऱ्याची मदत घ्यायची नाही, असा नियम होता. सायकल खांद्यावर टाकून तो दहा किलोमीटरांहून अधिक चालला, सेंत-मारी-द-काँपाँ गावात लोहाराच्या भट्टीवर स्वतः लोखंड तापवलं, ठोकलं, जोडलं. पंच शेजारी उभे राहून पाहत होते. हात दोनच, म्हणून भाता एका पोराने चालवला. तेवढ्यासाठीही त्याला दंडाची मिनिटं लागली. त्याने टप्पा पुरा केला, पण शर्यत हातची गेली आणि टूर त्याला पुढेही कधी जिंकता आली नाही. विजेत्यांची नावं पुसट होतात. क्रिस्तोफच्या नावाची पाटी मात्र त्या गावात अजून आहे.

पुढे १९६९ मध्ये एडी मर्क्सने इथूनच मुसंडी मारली आणि उरलेले सव्वाशेहून अधिक किलोमीटर एकट्याने तोडले. २०१० मध्ये अँडी श्लेक आणि अल्बेर्तो कोंतादोर धुक्यातून चाकाला चाक लावून माथ्यावर आले. २०२३ मध्ये महिलांची टूर इथे आली आणि डेमी फोलेरिंगने याच चढावर ती शर्यत आपलीशी केली. मुंबई-पुणे शर्यतीतला 'घाटाचा राजा' ज्यांनी बोरघाटात टाळ्या वाजवून पाहिला आहे, त्यांना माथ्यावर गर्दी का जमते हे सांगायला नको.

हिवाळ्यात खिंड बर्फामुळे बंद असते. जायचं तर उन्हाळ्यात जा आणि सेंत-मारीहून चढा. सतरा किलोमीटरांत सुमारे साडेबाराशे मीटरचा चढ आहे. सुरुवातीचा सौम्य रस्ता पाहून जोर लावू नका. ला मोंजी गावाच्या अलीकडे आणि पलीकडे त्याची गरज पडेल.