'कास्ट' : उच्चार एक, शब्द दोन

दाखल्यासाठी येणाऱ्या अर्जांत 'कास्ट सर्टिफिकेट' हे शब्द इंग्रजीत लिहिताना पहिल्या शब्दातील शेवटचे 'ई' हे अक्षर पुष्कळदा गळालेले असते. शिक्षक लाल शाईने ते भरतो आणि अर्ज पुढे जातो. परंतु या एका अक्षराच्या अलीकडे आणि पलीकडे दोन अगदी निराळे शब्द उभे आहेत, आणि दोहोंचा इतिहास आपल्या मुलांना ठाऊक असावा, असा आहे.

'ई' नसलेला 'कास्ट' हा मूळचा उत्तर युरोपातील नॉर्स भाषेतला. 'कास्ता', म्हणजे फेकणे, या क्रियापदापासून तो इंग्रजीत आला. त्याचे बहुतेक अर्थ या फेकण्यातूनच फुटले. कोळी जाळे टाकतो, तो कास्ट. शेतकरी बी फोकून पेरतो, ते ब्रॉडकास्ट; पुढे आकाशवाणीने तोच शब्द उचलला. वितळलेला धातू साच्यात ओततात, म्हणून बिडाचा तवा कास्ट आयर्नचा. मोडलेल्या हाडावरचे प्लास्टर आणि नाटकातील पात्रयोजना, हेही कास्टच. मतदानालाही हाच शब्द आहे. मराठीतही आपण मत 'टाकतो'.

'ई' असलेला 'कास्ट' समुद्रमार्गे आला. 1498 मध्ये पोर्तुगीज कालिकतला पोहोचले, 1510 मध्ये त्यांनी गोवा घेतला. येथील समाजाच्या विभागण्या पाहून त्यांनी आपल्या भाषेतील 'कास्ता' हा शब्द वापरला. त्याचा अर्थ वाण, वंश, पैदास. आजही पोर्तुगालमध्ये द्राक्षाच्या वाणाला 'कास्ता' म्हणतात. लॅटिनमधील 'शुद्ध' या अर्थाच्या शब्दाशी त्याचे नाते परंपरेने जोडले जाते. इंग्रजीतही अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा शब्द बहुधा 'ई'विनाच लिहिला जाई. त्यामुळे दोन परके शब्द एकाच रूपात वावरत राहिले. 'आउटकास्ट' या शब्दात तो गोंधळ अजून टिकून आहे. 'ई' नसेल तर बाहेर फेकलेला, 'ई' असेल तर जातीबाहेरचा. आपल्याकडे या दोन्ही अर्थांना पुरणारा एकच शब्द होता, 'बहिष्कृत'. 1924 साली बाबासाहेबांनी तो आपल्या सभेच्या नावात घेतला आणि त्याला 'हितकारिणी' हे पद जोडले. याच सभेने 1925 मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. आपल्यासारख्या निवासी शाळांची पूर्वपीठिका तेथे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. द्राक्षाला लावायचा शब्द माणसाला लागू पडतो काय? पोर्तुगीज येण्याच्या सुमारे दोन हजार वर्षे आधी तथागतांनी याचे उत्तर देऊन ठेवले आहे. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात 'जाति' हाच शब्द घेऊन ते गवत, वृक्ष, कीटक, चतुष्पाद, मासे, पक्षी अशा क्रमाने जातात. या प्रत्येकात जन्मतःच वेगळेपणाच्या खुणा आहेत. माणसांत मात्र केस, डोळे, हात, पाय यांत तशी खूण नाही. माणूस शेतकरी, व्यापारी वा चोर ठरतो तो आपल्या कर्माने. वाण वनस्पतीत असतो, माणसात नव्हे, असा हा निर्वाळा आहे.

उरला शुद्धतेचा मुद्दा. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठातील मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींविषयीचा आपला निबंध वाचला. विटाळाची कल्पना हे जातीचे मूळ लक्षण नव्हे, आपल्याच गटात विवाह करण्याचे बंधन हे तिचे खरे लक्षण आहे, असे त्यांनी तेथे मांडले. शब्दाच्या पोटात दडलेली शुद्धता त्यांनी बाजूला सारली आणि तिच्या जागी माणसांनी घातलेला एक निर्बंध दाखवून दिला. निसर्गाने केलेली गोष्ट माणसाला मोडता येत नाही. माणसाने घातलेले बंधन मोडता येते.

तरीही रकाना सुटत नाही. 1956 मध्ये आपण धम्म स्वीकारला. बौद्धांना अनुसूचित जातींचा केंद्रीय दर्जा मात्र 1990 च्या कायद्याने मिळाला. म्हणून आजही आपला विद्यार्थी धर्मापुढे 'बौद्ध' लिहितो आणि पुढच्या रकान्यात टाकून दिलेली जात पुन्हा लिहितो. अनेक मुले तेथे अडखळतात, काही खाली मान घालतात. पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी त्यांना समजावून सांगावे, की त्या रकान्यात आपल्या पूर्वजांवर झालेल्या अन्यायाची नोंद होते, आपल्या योग्यतेची नव्हे. ज्याचे नाव लिहिले जात नाही, त्या अन्यायाची भरपाईही मागता येत नाही. तेव्हा अर्जात 'ई' न विसरता लिहावा, मान ताठ ठेवून लिहावा. आणि अठरा वर्षे पूर्ण होताच दुसरा 'कास्ट', घटनेच्या अनुच्छेद 326 ने प्रत्येक प्रौढ नागरिकाला दिलेला मताचा अधिकार, तितक्याच जाणतेपणाने बजावावा.