पंचगंगेचे हरवलेले मिनार

वाराणसीच्या पंचगंगा घाटावर औरंगजेबाच्या मशिदीचे दोन उंच मिनार होते. लोक त्यांना बेणीमाधवाचा धरहरा म्हणत. एकोणिसाव्या शतकात ते कलू लागले, तेव्हा जेम्स प्रिन्सेप यांनी त्यांची दुरुस्ती केली. परंतु १९४८ साली त्यांतील एक कोसळून काही माणसे दगावली. पुढे दुसराही धोक्याचा म्हणून उतरविण्यात आला. आता ते पाहावयाचे तर जुन्या चित्रांत व छायाचित्रांतच.

सॅम्युएल बोर्न हे छायाचित्रकार १८६३ साली भारतात आले. त्या काळी काचेला रसायनाचा लेप देऊन, तो वाळण्यापूर्वीच चित्र घ्यावे व धुवावे लागे. त्यामुळे काळोखा तंबू सोबत न्यावा लागे. एवढ्या सायासाने टिपलेले काशीचे घाट दूरदेशीच्या संग्रहांत जपलेले आहेत. घाटावरच्या रहिवाशाला मात्र ते क्वचितच दिसतात.

ही उणीव कशी भरून काढावी, हे छायाचित्र-महोत्सवांनी दाखविले आहे. फ्रान्समधील आर्ल गावी १९७० साली सुरू झालेल्या महोत्सवाची प्रदर्शने जुन्या चर्चमधूनही भरतात. गोव्यात २०१५ साली सुरू झालेल्या ‘गोवाफोटो’ने पुढे राहत्या घरांत चित्रे मांडली. चित्र रोजच्या वाटेवर भेटले म्हणजे पाहणारा थांबतो, जागा ओळखतो, आपली आठवण सांगतो. आणि त्या आठवणीने चित्राची माहिती पुरी होते.

आपल्या घरीही आजीआजोबांच्या काशीयात्रेचे एखादे छायाचित्र असेल. त्याच्या पाठीवर शिसपेन्सिलीने स्थळ, साल व नावे आजच लिहून ठेवावीत. ते १९४८ पूर्वीचे असेल, तर त्यांच्या खांद्यामागे कदाचित ते मिनार उभे असतील.