गोचीड ताप कसा ओळखावा?

ताप १०३ अंशांवर, डोके ठणकते, अंग मोडून आले आहे. मलेरियाची तपासणी झाली, डेंग्यूची झाली, टायफॉईडची झाली; काहीच निघाले नाही. अशा रुग्णाच्या बाबतीत एका आजाराची आठवण ठेवावी लागते. तो म्हणजे गोचीड ताप.

कुत्र्याच्या अंगावरील तपकिरी गोचीड माणसाला चावली, की तिच्यातून रिकेट्सिया नावाचे सूक्ष्म जंतू शरीरात शिरतात. चावा दुखत नाही. त्यामुळे ‘गोचीड चावली होती का?’ या प्रश्नाला बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात. घरात कुत्रा आहे का, त्याच्या गोचिडी कोण काढतो, रानात जाणे झाले का, असे विचारावे लागते.

साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी मनगटांवर व घोट्यांवर लालसर पुरळ उठते आणि अंगभर पसरते. तळहात आणि तळपायांवरही ते दिसते, ही मोठी खूण. सावळ्या त्वचेवर पुरळ चटकन दिसत नाही. उजेडात, पायमोजे काढून पाहावे. काखेत, जांघेत, केसांच्या कडेला सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली सापडली तर निदान सोपे होते. मात्र ही खपली स्क्रब टायफसमध्ये (तो गोचिडीमुळे नव्हे, बारीक किड्यांच्या अळ्यांमुळे होतो) जास्त आढळते. गोचीड तापात ती पुष्कळदा नसतेच.

रक्ताच्या तपासणीचे काय? वाईल-फेलिक्स ही १९१६ पासूनची स्वस्त चाचणी. गंमत म्हणजे तिच्यात प्रोटियस नावाचे भलतेच जंतू वापरतात! एलायझा तिच्यापेक्षा भरवशाची. पण दोन्ही चाचण्या रक्तातील प्रतिद्रव्ये शोधतात, आणि ती तयार व्हायला आठवडाभर लागतो. म्हणून चौथ्या दिवशीचा ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट हातात घेऊन निर्धास्त होऊ नये. पक्के निदान दोन ते चार आठवड्यांनी दुसऱ्यांदा रक्त तपासून होते, आणि तेवढे थांबणे रुग्णाला परवडणारे नसते. उशीर झाला तर मेंदू, फुप्फुसे, मूत्रपिंडे यांवर परिणाम होऊन जीवही जाऊ शकतो.

यासाठी संशय येताच डॉक्टर डॉक्सिसायक्लिन सुरू करतात. लहान मुलांनाही ते देता येते. वेळेवर दिले तर दोन-तीन दिवसांत ताप बहुधा उतरतो. पेनिसिलीनची महागडी भावंडे येथे निरुपयोगी ठरतात. गोळ्या मनाने घेऊ नयेत, आणि रुग्ण गरोदर असल्यास तसे आधी सांगावे.