घरचें काम आणि धंद्याचा लाभ

२०२० सालच्या मार्चमध्यें टाळेबंदी झाली आणि आमच्या बोनकोडे येथील घरांचें रूप पालटलें. ऐरोली, महापे येथील संगणक-कंपन्यांत जाणारीं तरुण मंडळी माजघरांतच कचेरी मांडून बसलीं. ‘घरीं बसून का कधीं धंदा होतो?’ असें वडीलधारे विचारूं लागले. खरें सांगावयाचें तर त्यांत आम्हीही होतों.

परंतु विचार करतां आम्हांस मुंबईचेंच एक उदाहरण आठवलें. १५ मार्च १९५९ रोजीं गिरगांवांत सात गुजराथी गृहिणींनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. तीच आजची लिज्जत पापड संस्था. तेथील रीत साधी आहे. पीठ शाखेंत मळावयाचें, भगिनींनीं तें सकाळीं घरीं न्यावयाचें आणि सवडीनें पापड लाटून दुसऱ्या दिवशीं परत आणावयाचे. तेथें मालाची पारख व वजन होऊन मजुरी मिळते. यामुळें महागड्या शहरांत लाटण्यासाठीं मोठे कारखाने उभारावे लागले नाहींत आणि तान्हें मूल किंवा आजारी सासू सोडून बाहेर पडूं न शकणारे हजारों हात कामास लाभले. देखरेखही माणसावर न राहतां मालावर राहिली.

संगणकाच्या कामासही हा न्याय लागू पडतो. शांघाय येथील सीट्रिप या प्रवास-कंपनीनें २०१०-११ मध्यें नऊ महिने असा प्रयोग केला. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम व त्यांचे सहकारी यांनीं तो तपासला. घरून होणारें काम १३ टक्क्यांनीं वाढलें, नोकरी सोडणारे निम्म्यानें घटले. मात्र प्रयोग संपतांच सुमारे निम्मे लोक एकलेपणास कंटाळून कचेरींत परतले. म्हणून आठवड्यांतील कांहीं दिवस घरीं व कांहीं कचेरींत, हा मध्यम मार्गच आम्हांस हितकर वाटतो.

पण मालकाची वांचलेली जागा कोणाच्या तरी घरांतूनच येते, हें विसरतां कामा नये. घरीं विड्या वळणाऱ्या स्त्रियांनीं हें फार सोसलें. अखेर १९६६ च्या कायद्यानें त्यांनाही कामगार मानलें. लिज्जतमध्यें भगिनी स्वतःच संस्थेच्या मालकीण आहेत, हा भेद मोठा आहे.

एकदां सूनबाईंची बैठक चालू असतां आम्हीं चहा मागितला. त्या निमूटपणें उठल्या. कंपनीची जागा वांचली, आम्हांस चहा मिळाला. वेळ मात्र सूनबाईंचा गेला. त्या दिवसापासून खोलीचें दार लोटलेलें दिसलें कीं आम्ही आपला चहा आपणच करतों.