मजुरीचा कायदा आणि शेतकऱ्याची वही

अक्षय्यतृतीया आली कीं खानदेशांत सालदारांचे हिशेब निघतात. जुनें साल संपतें, नवें ठरतें, आणि धनी व सालदार ओसरीवर समोरासमोर बसतात. दोन वर्षांमागें आमच्या ओसरीवर अशीच बैठक झाली. सालदार अकरा वर्षें आमच्याकडे राहिलेला, अगदीं घरचा. वर्षभरांत उचल किती झाली हा प्रश्न निघाला. आमच्या आठवणींत एक रक्कम, त्याच्या आठवणींत दुसरी. फरक नऊ हजारांचा. लेखी टिपण कोणापाशींच नव्हतें. खोटें कोणीच बोलत नव्हतें. परंतु त्या दिवशीं तो उठून गेला, तो पुन्हा आला नाहीं. पैशाची तूट भरून निघाली, माणसाची निघाली नाहीं.

हें प्रकरण सरकारदरबारीं गेलें असतें तर काय झालें असतें, याचा शोध आम्हीं त्यानंतर घेतला. जें कळलें तें वाचकांपुढें ठेवणें अवश्य वाटतें.

कामगारांचे कायदे गिरण्या-कारखान्यांसाठीं असतात, शेतीशीं त्यांचा संबंध नाहीं, असा समज आपल्यांत रूढ आहे. तो निराधार आहे. किमान वेतनाचा कायदा १९४८ सालीं झाला, तेव्हांच त्याच्या अनुसूचींत शेतीचा समावेश होता, आणि शेतमजुरीचा किमान दर ठरविण्याचें काम राज्य सरकारकडे आलें. १९७६ सालीं समान कामास समान वेतनाचा आणि वेठबिगारी नष्ट करण्याचा, असे दोन कायदे झाले. आतां २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुन्या कायद्यांच्या जागीं चार संहिता आल्या आहेत. वेठबिगारीचा कायदा मात्र स्वतंत्रपणें कायम आहे. या चारांपैकीं २०१९ ची वेतन संहिता थेट आपल्या बांधाला येऊन भिडते. तिच्यांतील चार गोष्टी ध्यानांत धराव्या.

पहिली गोष्ट दराची. केंद्र सरकारनें ठरविलेल्या तळाच्या दराखालीं राज्याचा किमान दर जाऊं शकत नाहीं. राज्याच्या दराची फेरतपासणी सामान्यतः पांच वर्षांच्या आंत व्हावी लागते, आणि महागाईचा भत्ता तर मधूनमधून बदलतच असतो. म्हणून गतवर्षींचा दर यंदा चालेल असें गृहीत धरूं नये. जुन्या अधिसूचना संहितेशीं विसंगत नसतील तोंवर लागू राहतात, हेंही विसरूं नये. पारावर ठरलेला रोज सरकारी दराहून कमी असेल, तर "सगळे एवढाच देतात" हें उत्तर चालत नाहीं. त्याचप्रमाणें एकाच कामास पुरुषाला जास्त व बाईला कमी रोज देतां येत नाहीं.

दुसरी गोष्ट वेळेची. रोजंदारीच्या माणसास दिवसाचें काम संपतांच पैसे मिळाले पाहिजेत. आठवड्यानें देण्याचें ठरलें असल्यास आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशीं. महिन्याचें असल्यास पुढील महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आंत. काम सोडून जाणाऱ्याचा हिशेब कामाच्या दोन दिवसांत चुकता करावा लागतो.

तिसरी गोष्ट उचलीची. उचल वेतनांतून वळती करतां येते. परंतु सर्व कपात मिळून त्या मुदतीच्या वेतनाच्या निम्म्याहून अधिक होतां कामा नये. उचल फिटेपर्यंत माणसास अडकवून ठेवणें ही तर वेठबिगारीच होय, आणि तीस तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे.

चौथी गोष्ट पुराव्याची, आणि आम्हांस हीच सर्वांत महत्त्वाची वाटते. मजुरास आपल्या बाकीचा दावा तीन वर्षांपर्यंत करतां येतो. वेतन दिलें हें सिद्ध करण्याचा भार धन्यावर असतो. दावा खरा ठरल्यास मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई द्यावी लागूं शकते; कमी वेतन दिल्याबद्दल ५०,००० रुपयांपर्यंत दंड निराळाच. शेतीसाठीं पांचांहून अधिक माणसें न ठेवणाऱ्यास नोंदवही, फलक व वेतनचिठ्ठी यांतून सूट आहे. परंतु निरीक्षकानें मागितल्यास वेतन दिल्याचा वाजवी पुरावा त्यासही दाखवावाच लागतो. आपण सूट तेवढी ऐकतों आणि ही अट विसरतों. मुकादमामार्फत टोळी आणली म्हणूनही सुटका नाहीं. त्यानें पैसे बुडविले तर जबाबदारी धन्यावर येऊं शकते. आणि टोळीबरोबर आलेल्या चौदा वर्षांखालील मुलास कामास लावणें हा स्वतंत्र गुन्हा आहे.

सालाची रक्कम मोठी दिसते, म्हणून ती रोजावर उतरवून पाहावी. समजा, साल १,२०,००० रुपयांचें ठरलें. महिन्याचे २६ दिवस धरून वर्षाचे ३१२ दिवस होतात. रोज सुमारें ३८५ रुपये पडला. परंतु गुरांच्या वैरणपाण्यामुळें सालदारास सुट्टीच नसेल, तर ३६५ दिवसांनीं भागिलें असतां तोच रोज ३२९ रुपयांवर येतो. हा आंकडा चालू सरकारी दराशीं ताडून पाहावा आणि मगच सालाचा शब्द द्यावा.

दर कळावा कसा? महाराष्ट्रांत भत्त्याचा बदल जानेवारी व जुलै या दोन महिन्यांपासून होत आला आहे. तेवढ्या दोन वेळीं कामगार आयुक्तांच्या जिल्ह्याच्या कार्यालयांत चौकशी करावी. प्रत्येक गांवच्या सोसायटीनें एका सभासदाकडे हें काम सोंपवावें, आणि आणलेला दर तारखेसह फळ्यावर लिहावा. ज्यांचें शेत राज्याच्या सीमेपलीकडे आहे, त्यांनीं त्या राज्याचा दर विचारावा.

आमच्या घरीं आतां दोन वह्या आहेत, एक धन्याची व एक सालदाराची. हजेरी, दिलेला पैसा, उचल व बाकी दोहोंत एकदमच लिहिली जाते आणि दोघांची सही होते. नवा सालदार पहिल्या दिवशीं थोडा संकोचला. आतां आठवड्याच्या बाजारीं तोच आपली वही घेऊन ओसरीवर येतो. अकरा वर्षें आमच्याकडे राहिलेल्या त्या माणसाच्या वेळीं एवढें केलें असतें, तर तोही आज येथेंच असता.